समोरच्यानं हात वर केले, तर लहान रकमेचं येणं कसं मागायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, या कारखान्यांच्या वसाहतीत, एखाद्या शॉपचं शटर चार दिवस खाली दिसलं की बातमी लगेच फिरते: त्यानं हात वर केले. मग बँक नोटीस चिकटवते, पतसंस्थेची माणसं येऊन जातात, स्टीलचा व्यापारी वकील गाठतो. आणि ज्यांचे पंचवीस-पन्नास हजार अडकलेत ते टर्नर, टेम्पोवाले, पेंटिंगवाले, डबे देणाऱ्या काकू "ताई, त्याच्याकडं काय ऱ्हायलंय आता? सोडून द्यावं झालं" म्हणत घरी बसतात.

मी अशाच लहान लोकांचे हिशेब लिहिते. इतकी वर्षं बघत आले आहे की मोठे लोक कागद घेऊन वेळेत पोचतात म्हणून त्यांच्या पदरात काहीतरी पडतं. लहान माणसाला कायदा हाकलून देत नाही. त्याचं नावच यादीत नसतं. हे मला फार लागतं. मी वकील नाही आणि कोर्टात उभं राहायला वकील असावाच. पण वकिलाच्या पायरीवर जाण्याआधी आपल्याला काय ठाऊक असावं आणि हातात काय असावं, ते इथं लिहिते.

बिलावर नाव कुणाचं?

पैसे कुणाकडून यायचेत असं विचारलं की लोक माणसाचं नाव सांगतात. कोर्ट बिलावरचं नाव बघतं. धंदा प्रोप्रायटरी असेल तर शॉप आणि मालक एकच. त्याची जागा, गाडी, खात्यातली शिल्लक, सगळ्यावर आपला हक्क सांगता येतो. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला बांधील असतो. "माझा निम्माच हिस्सा" हे उत्तर तुम्हाला ऐकून घ्यायचं कारण नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर देणं कंपनीचं. संचालकानं स्वतः जामीन दिलेला नसेल किंवा फसवणूक केलेली नसेल, तर त्याच्या बंगल्याला हात लावता येत नाही.

हे शोधायला एक रुपया लागत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलच्या 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाका. कायदेशीर नाव, धंद्याचा प्रकार, नोंदणी चालू की रद्द, आणि रिटर्न कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय हे सगळं दिसतं. रिटर्न थांबलं की माणूस अडचणीत आला, हे बाजारात बोललं जाण्याआधी तिथं कळतं. माल द्यायच्या आधीच बघायची सवय लावून घ्या.

पुढं मालमत्ता. महाभूलेखवर त्याच्या गावचा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. बँकेचा, सेवा सोसायटीचा, पतसंस्थेचा बोजा तिथं असतो. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका बघा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, मिळते. तिच्यात गेल्या दोन वर्षांत बायकोच्या नावे बक्षीसपत्र, भावाला हक्कसोडपत्र, मेव्हण्याला खरेदीखत असं काही झालंय का तेवढं तपासा. दोनच वर्षं का, ते पुढं येईल. शेवटी ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराचं नाव घालून शोधा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. त्याच्यावर आणखी कुणी दावे लावलेत, चेकच्या केसेस किती आहेत, नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज पडलाय का, हे तिथं कळतं.

एवढं झालं की माणूस कुठल्या जातकुळीचा आहे ते कळतं. मालमत्ता आहे पण दडवतोय, मालमत्ता आहे पण सगळी बँकेकडं तारण आहे, किंवा खरोखर काहीच उरलेलं नाही. तिसऱ्या प्रकारात मी स्पष्ट सांगते: चाळीस हजारांच्या मागं वीस हजार घालवू नका. यादीत नाव लावायला जो किरकोळ खर्च येतो तेवढाच करा आणि थांबा.

त्याचा माल तुमच्या ताब्यात असेल तर

कोल्हापुरातल्या जॉबवर्कवाल्यांसाठी याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही, आणि माहीत मात्र फार थोड्यांना आहे.

आमच्या एका टर्नरकडं कास्टिंग मशिनिंगला आली होती. काम पूर्ण, माल भिंतीकडेला रचलेला. शॉप बंद पडल्याची बातमी आली आणि संध्याकाळी मालकाचा भाऊ टेम्पो घेऊन दारात. "माल दे, पैशाचं बघू नंतर." टर्नर बिचारा ओळखीखातर द्यायला निघाला होता. मी फोनवर एवढंच म्हटलं, मजुरी खात्यावर जमा झाल्याशिवाय एक नग उचलू देऊ नका.

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं कलम १७० सांगतं की दुसऱ्याच्या मालावर ज्यानं आपले कष्ट किंवा कसब लावलं, त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो माल अडवून ठेवता येतो. पण अटी नीट समजून घ्या. हा हक्क त्याच मालाच्या मजुरीपुरता आहे. मागच्या सहा महिन्यांची थकबाकी त्यात घुसवता येत नाही. आणि उधारीची मुदत दिलेली असेल तर हक्क उभाच राहत नाही. कायद्यातच उदाहरणं आहेत: हिऱ्याला पैलू पाडून झाले की पैसे मिळेपर्यंत जवाहिऱ्या तो ठेवून घेऊ शकतो, पण कोट शिवणाऱ्या शिंप्यानं तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर तो कोट अडवू शकत नाही. म्हणजे आपल्या बिलावर सवयीनं छापलेलं 'पेमेंट ३० दिवसांत' हे वाक्य अशा वेळी आपल्यालाच अडवतं. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्या चलनावर 'मजुरी माल नेतेवेळी रोख' असं लिहून सही घ्या. त्या टर्नरच्या चलनावर उधारीचा शब्द नव्हता, म्हणून त्याला मजुरी मिळाली.

माल अडवता येतो, विकता येत नाही. भंगारात घातलात तर उलट तुमच्यावर केस होईल. नग मोजा, वजन करा, चलन नंबर दिसेल असे फोटो काढा आणि मालकाला लेखी कळवा की अमुक मजुरी बाकी आहे, ती मिळताच माल देतो. पुढं नादारीत रिसिव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा कोर्टाचा माणूस, नेमला गेला तर त्यालाही हेच कळवा. नादारीच्या कायद्यात माल असा अडवून ठेवणारा माणूस तारणवाल्या धनकोंमध्ये (येणेकऱ्यांमध्ये) मोजला जातो, बाकीच्यांसोबत रांगेत नाही.

तुम्ही स्वतःचा माल विकलाय, पण तो अजून तुमच्या गोडाऊनात किंवा ट्रान्सपोर्टवाल्याकडं आहे, तर मालविक्री अधिनियम, १९३० तुमच्या बाजूनं आहे. खरेदीदार नादार झाला असेल तर उधारी दिलेली असली तरी गोडाऊनातला माल रोखता येतो, आणि वाटेत असलेला माल ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी कळवून थांबवता येतो. इथं नादार ठरायला कोर्टाचा शिक्का लागत नाही. नेहमीच्या व्यवहारातली देणी त्यानं देणं थांबवलं असेल, तरी तो या कायद्यापुरता नादार. तेव्हा बातमी कळली की आधी ट्रान्सपोर्टला फोन आणि लगेच पाठोपाठ लेखी कळवणं. माल एकदा त्याच्या दारात उतरला की तो हक्क गेला.

आणि तुम्हीही त्याला काही देणं लागत असाल, म्हणजे मटेरियलसाठी त्यानं ॲडव्हान्स दिला असेल, तर घाबरून ते पैसे परत करू नका. आपापसातल्या व्यवहाराची वजावट करून उरलेलीच रक्कम धरायची, हे नादारीच्या कायद्यातही मान्य आहे.

कागद आणि तीन वर्षांची मुदत

डबे देणाऱ्या काकूंचं येणं ३८,४०० रुपये होतं. पुरावा काय, विचारलं तर त्यांनी पिशवीतून तेलाचे डाग पडलेली डायरी काढली. प्रत्येक पानावर तारीख, पुढं डब्यांची संख्या, कोपऱ्यात 'जादा चपाती ४', आणि शेवटी डबे उतरवून घेणाऱ्या पोराची सही. मी ती डायरी बघून त्यांना हात जोडले. कारण नियमित लिहिलेली वही कोर्टात चालते, पण नुसत्या वहीवर कुणावर देणं लादता येत नाही. तिला आणखी एका आधाराची गरज असते. तो आधार इथं त्या पोराच्या सहीत होता, आणि मालकानं मधून मधून पाठवलेल्या ऑनलाइन पैशांच्या नोंदींत.

मालाची किंमत किंवा केलेल्या कामाची मजुरी मागायला दावा तीन वर्षांत लावावा लागतो. प्रत्येक कामाची मुदत वेगळी चालते, त्यामुळं जुनी बिलं आधी मुदतबाह्य होतात. समोरचा "देतो की" म्हणत राहिला तरी घड्याळ थांबत नाही. ते नव्यानं सुरू करायचं असेल तर मुदत संपायच्या आत त्याच्या सहीची कबुली हवी. शटर नुकतंच पडलेलं असतं तेव्हा माणूस ओशाळलेला असतो, सही द्यायला तयार असतो. तेव्हाच घ्या. फार काही लिहायला नको:

'दि. ३१ मार्चअखेर सौ. … यांचे जेवणाच्या डब्यांचे रु. ३८,४००/- (अक्षरी अडतीस हजार चारशे) मी देणे लागतो. तारीख, सही.'

थोडे पैसे दिले, तर त्या दिवशीही 'वरील रकमेपैकी इतके दिले' अशी त्याच्या सहीची ओळ घ्या. तीन वर्षं उलटून गेली असतील तरी त्यानं सही करून नव्यानं देण्याचं लेखी वचन दिलं तर ते करार म्हणून चालतं.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. चॅट पुसू नका, बॅकअप न घेता फोन विकू नका, स्क्रीनशॉटवर विसंबून मूळ मेसेज घालवू नका.

हातउसने दिलेल्यांसाठी एक इशारा. नात्यात, मैत्रीत एखादवेळी दिलेले पैसे मागायला हरकत नाही. पण व्याजानं पैसे देण्याचा धंदाच असेल आणि सावकारी परवाना नसेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली कोर्ट हुकूमनामा (पैसे द्यायचा निकाल) देत नाही, शिवाय तो गुन्हा आहे. अशा येण्यासाठी हा लेख उपयोगी नाही.

चेक आणि जामीनदार

त्याचा चेक हातात असेल तर तारखा भिंतीवर लिहून ठेवा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. न वटल्याचा मेमो आला की तीस दिवसांत लेखी मागणीची नोटीस. नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस. ते संपले की पुढच्या एक महिन्यात फिर्याद, आणि ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या कोर्टात. 'खाते बंद' शेरा आला तरी चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागतं. यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळं ज्याच्याकडं पैसे दडलेले असतात त्याला ते इथं सापडतात. नोटीस पाठवायची ती पोचपावतीसह. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर पोचपावती आणि नोंदणीची सोय स्पष्ट मागून घ्या.

जामीनदार असेल तर त्याच्याकडं थेट जाता येतं. आधी मूळ देणेकऱ्याला संपवून मग या, असं तो म्हणू शकत नाही. त्याची जबाबदारी मूळ देण्याइतकीच आहे. मात्र जामीनदाराला न विचारता देणेकऱ्याशी परस्पर तडजोड केलीत किंवा मुदत वाढवून दिलीत, तर जामीनदार मोकळा होतो. त्याचीही सही घ्या.

दावा लावायचा तर

नादारीचा अर्ज अजून पडलेला नसेल आणि मालमत्ता दिसत असेल, तर उशीर करू नका. लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा चेक असेल तर वकिलांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालच्या समरी (झटपट) दाव्याबद्दल विचारा. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव करायलाही कोर्टाची परवानगी लागते. तो यंत्रं रातोरात हलवतोय असा पुरावा असेल तर निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो. नुसती शंका पुरत नाही: टेम्पोचा फोटो, विक्रीची जाहिरात, शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, असं काही हवं.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पुढं दरखास्त, म्हणजे त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, आणि खरा वेळ तिथं जातो. तिथं पहिला अर्ज असा करा की त्यानं आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं घर आणि बैल जप्त होत नाहीत. पगार असेल तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सोडून जप्ती होते. आणि "त्याला आत घाला" हा आग्रह सोडा. रक्कम दोन हजारांवर असेल तर कैद होऊ शकते, पण पैसे नाहीत एवढ्या कारणावरून नाही. असून देत नाही हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच हे ठरवून दिलंय. मला तो निकाल योग्य वाटतो. खरोखर बुडालेल्या माणसाला कोंडून कुणाच्या घरात चूल पेटत नाही.

आता ज्यासाठी ई-कोर्ट्सवर शोधायला सांगितलं ते. दुसऱ्या कुणाच्या दरखास्तीत त्याच्या यंत्रांचा लिलाव लागला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ खाली त्या पैशात तुम्हालाही प्रमाणशीर वाटा मागता येतो. अट अशी की तुमच्याकडं पैशाचा हुकूमनामा असावा आणि लिलावाचे पैसे कोर्टात जमा व्हायच्या आत तुमची दरखास्त पडलेली असावी. लिलावाचा सगळा खर्च मोठ्या व्यापाऱ्यानं केलेला असतो, आणि वेळेत अर्ज करणाऱ्या पेंटरलाही वाटा मिळतो. पैसे जमा झाल्यावर पोचलात तर काही नाही.

नादारी घेतली तर

कोल्हापुरातल्या माणसाच्या किंवा भागीदारी फर्मच्या नादारीला अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू आहे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता सुरू झालाय. अर्ज कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा न्यायालयाकडं जातो. अपील करायची वेळ आली तर आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत भरतं.

अर्ज तो स्वतः करू शकतो, तुम्हीही करू शकता. एकट्याचं किंवा काही जणांचं मिळून येणं किमान ५०० रुपये हवं आणि गेल्या तीन महिन्यांत त्यानं नादारीचं कृत्य केलेलं हवं: पैसे मागणाऱ्यांना चुकवायला घर सोडून जाणं, मालमत्ता फसवणुकीनं दुसऱ्याच्या नावे करणं, "आता मी देणी देणं थांबवलंय" असं कळवणं, हुकूमनाम्यात मालमत्तेचा लिलाव होणं. पाचशे रुपयांची ही मर्यादा शंभर वर्षांपूर्वीची आहे, आणि आज ती लहान माणसाच्या कामाची आहे. एकेकट्यानं अर्ज करायचा भार घेऊ नका. टर्नर, पेंटर, टेम्पोवाला, काकू असे चौघे-पाच मिळून एक वकील करा.

कोर्टानं त्याला नादार जाहीर केलं की त्याची मालमत्ता कोर्टाकडं किंवा रिसिव्हरकडं जाते. त्यानंतर त्या येण्यासाठी त्याच्या मालमत्तेवर परस्पर वसुली करता येत नाही, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. इथं बरेच जण हताश होतात. खरं तर तुमचं काम इथं सुरू होतं, आणि ते स्वस्तात होतं.

येणं सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करायचं. त्यात नाव-पत्ता, रक्कम, कशाबद्दल, कुठल्या काळातली, काही तारण आहे का, हे लिहायचं. खात्याचा उतारा आणि बिलं-चलनं जोडायची. ते कोर्टात द्यायचं किंवा नोंदणी करून टपालानं पाठवायचं. काकूंच्या डायरीचा महिनावार तक्ता मी करून दिला: महिना, डबे, दर, रक्कम, आलेले पैसे, बाकी. डायरीची सगळी पानं झेरॉक्स करून मागं लावली. कोर्टातल्या माणसाला तुमची डायरी वाचत बसायला वेळ नसतो. तक्ता बघून त्याला आकडा जुळला पाहिजे. मग नाव धनकोंच्या यादीत चढतं. कोर्ट त्याला देण्यांतून मुक्त करेपर्यंत कधीही येणं सिद्ध करता येतं, पण उशिरा आलेल्यासाठी आधी झालेलं वाटप मोडत नाहीत.

वाटप कसं होतं? तारणवाले आपलं तारण धरून बाजूला असतात. उरलेल्यातून खर्च, मग सरकारी आणि स्थानिक संस्थांची देणी, आणि मग बाकी सगळ्यांना सारख्या प्रमाणात. समजा वाटायला सहा लाख उरले आणि सिद्ध झालेली येणी चोवीस लाख आहेत, तर रुपयाला पंचवीस पैसे. ३८,४०० चे ९,६०० मिळतील. पाच लाखवाल्यालाही पंचवीसच पैसे. ज्यानं अर्जच केला नाही त्याला शून्य.

कामगारांचा पगार या कायद्यात आधी मिळतो खरा, पण माणशी वीस रुपयांपर्यंतच. १९२० चा आकडा कुणी बदललेला नाही, आणि घाम गाळलेल्या माणसाचा हा अपमान आहे. म्हणून पगार थकलेल्यांनी यावर विसंबू नये. कामगार आयुक्त कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा आणि शिल्लक रकमेसाठी या यादीतही नाव लावावं.

आता ती दोन वर्षं. नादारीचा अर्ज पडण्याआधीच्या दोन वर्षांत त्यानं मोबदला न घेता किंवा प्रामाणिक हेतू नसताना मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली असेल, तर ते हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर तेही. सूची दोनमधून काढलेली बक्षीसपत्राची नक्कल रिसिव्हरच्या हातात ठेवा. रिसिव्हरला गावातली नाती माहीत नसतात. खरेदीदार हा सख्खा मेव्हणा आहे हे तुम्हालाच सांगावं लागेल. दुसऱ्या बाजूनं, "तुला गुपचूप देतो, कुणाला सांगू नको" म्हणून कुणी पैसे देऊ केले तर ते पुढं परत मागितले जाऊ शकतात, हे ध्यानात ठेवून घ्या.

कंपनी बुडाली असेल तर रस्ता वेगळा. तुमच्या एकट्याच्या येण्यावर मुंबईच्या एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) अर्ज होत नाही, कारण किमान एक कोटीची थकबाकी लागते. पण दुसऱ्या कुणी कंपनीला तिथं नेलं असेल तर पेपरात जाहीर सूचना येते. माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांनी फॉर्म बी, कामगार-कर्मचाऱ्यांनी फॉर्म डी भरून सूचनेतल्या मुदतीत ईमेलनं दावा पाठवायचा. त्याला फी नाही.

तडजोडीची संधी आली तर

नादार जाहीर झाल्यावर तो तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो. तो मंजूर व्हायला येणी सिद्ध केलेल्या धनकोंपैकी डोक्यांनी बहुमत लागतं, आणि रकमेनं तीनचतुर्थांश. रकमेत बँक जिंकेल. डोक्यांत बँक एकच, आणि काकूंचंही एक. यादीत पंधरा लहान लोक असतील तर त्यांना विचारल्याशिवाय तडजोड पुढं सरकत नाही. यासाठी मी सगळ्यांना येणं सिद्ध करायला लावते, अगदी चार हजारवाल्यालाही.

कोर्टाबाहेर तडजोड करायची तर लोकअदालतीत करा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावण्याआधीही प्रकरण नेता येतं. न्यायसंकुलातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो. काकूंचा वकील तिथलाच. हप्ते ठरले तर एक हप्ता चुकला की पूर्ण शिल्लक एकदम देय, हे वाक्य घालून घ्या. पुढच्या वर्षीच्या मोठ्या आश्वासनापेक्षा आज खात्यावर जमा होणारी निम्मी रक्कम मी कधीही घ्यायला सांगेन.

आणि कितीही राग आला तरी पोरं घेऊन त्याच्या दारात जाऊ नका, त्याच्या मुलांच्या शाळेपर्यंत जाऊ नका. धमकीची एक तक्रार झाली की तुम्ही आरोपी होता आणि तुमचं खरं येणं मागं पडतं. कर्जानं पिचलेला माणूस घरात काय करून घेईल, याचाही विचार करा.

वहीत काय करायचं

न मिळालेली रक्कम आधी उत्पन्नात दाखवलेली असेल तर ती बुडीत म्हणून खर्ची टाकता येते आणि तेवढा आयकर वाचतो. ती बुडालीच हे सिद्ध करायची गरज नाही, वहीत प्रत्यक्ष खर्ची टाकलेली हवी. जीएसटी मात्र तुम्ही भरून बसलात तो बुडीत येण्यावर परत मिळत नाही. पुढं नादारीतून काही हाती आलं तर त्या वर्षी ते उत्पन्नात घ्या.

शेवटी तो कर्जमुक्तीचा अर्ज करेल. नोटीस आली तर त्या तारखेला जरूर जा. त्याची मालमत्ता बिनतारणी देण्यांच्या रुपयामागं आठ आणेसुद्धा भरत नसेल आणि त्याला तोच जबाबदार असेल, तीन वर्षांच्या वह्या त्यानं ठेवल्या नसतील, किंवा आपण बुडालोय हे माहीत असूनही धंदा चालू ठेवला असेल, तर कोर्ट त्याला पूर्ण मुक्ती देत नाही. शटर पडायच्या आठवड्यातही डबे वाढवून मागवल्याचा मेसेज तिथं कामाला येतो. मुक्ती मिळाली तर बाकीची देणी संपतात, पण फसवणुकीनं केलेलं देणं संपत नाही. आणि दिलेल्या मुदतीत त्यानं मुक्तीचा अर्जच केला नाही तर नादारी रद्द होते, तुमचा वसुलीचा हक्क परत उभा राहतो, आणि मधली वर्षं दावा-दरखास्तीच्या मुदतीत धरली जात नाहीत. म्हणून फाईल रद्दीत घालू नका. प्रतिज्ञापत्राची प्रत, पोचपावती आणि नादारीच्या हुकुमाची नक्कल एकत्र बांधून ठेवा.